छाटणीच्या दिवसांतली पाहुणी

आमच्या घरात पाहुणा आला की आधी त्याच्या हातांकडे बघतात, मग तोंडाकडे. हातात छत्री असेल तर ती दाराशीच ठेवून घेतात. पिशवी असेल तर "द्या, आत ठेवते" म्हणत सासूबाई ती उचलून नेतात. आणि बॅटरी असेल तर सासरे ती एकदा लावून बघतात. लागली तर पाहुणा सज्जन. हे मी थट्टेने लिहीत नाही. निफाड तालुक्यातल्या आमच्या मळ्यातून द्राक्षाची एक काडी खरोखरच बॅटरीतून गेली होती. आतले सेल काढलेले आणि त्यांच्या जागी वीतभर काडी, ओल्या फडक्यात गुंडाळलेली. नेणारा होता सासऱ्यांचा मावसभाऊ. पुरणपोळी खाऊन, वर दोन वाट्या कटाची आमटी पिऊन, पाया पडून गेला. पुढे ते वाण त्याच्या गावाच्या नावाने बाजारात आलं. सासरे त्या वाणाचा एक मणीही आजवर तोंडात घालत नाहीत.

ज्यांना द्राक्षशेतीची माहिती नाही त्यांना एका काडीसाठी एवढा कांगावा कशाला, असं वाटेल. पण द्राक्षात बी लावून काही हाती लागत नाही. कधीतरी एखाद्या वेलीचा एखादाच ओलांडा, म्हणजे आडवा हात म्हणा, आपल्याच वेलीशी फितूर होतो आणि त्यावर वेगळे मणी येतात, जास्त लांब नाहीतर जास्त कुरकुरीत. त्या ओलांड्याची काडी जंगली रोपावर कलम केली की तेच वाण पुढे चालतं. काडीवरचा एक डोळा, म्हणजे एक कोंब, मिळाला तरी पुरतो. म्हणजे जी चीज सगळ्या जिल्ह्यात मिरवायची, ती कुणाच्याही पायजम्याच्या नाडीत लपून जाऊ शकते. अशा धंद्यात माणूस विश्वास ठेवणार तरी कुणावर?

मावसभावाच्या प्रकरणानंतर काही वर्षांनी आमच्या मळ्यात पुन्हा एकदा असा वेगळा ओलांडा निघाला. मणी बोटाच्या पेरापेक्षा लांब, साल पातळ, आणि चावताना काकडीसारखा आवाज. सासऱ्यांनी त्याची एक पूर्ण ओळ वाढवली, घराच्या मागे, जिथे झोपतानाही खिडकीतून दिसेल. सरकारदरबारी नोंद व्हायची होती. तोवर त्या ओळीला त्यांच्याशिवाय कुणाची कात्री लागायची नाही. पेठ-सुरगाण्याकडून छाटणीला येणारी टोळी बाकी सगळा बाग उरकायची, पण त्या ओळीकडे वळली की सासरे खाकरायचे. छाटलेल्या काड्या स्वतः गोळा करून, स्वतः पेटवून, राख होईस्तोवर तिथेच उभे राहायचे.

मी नाशिक शहरातली. एका महाविद्यालयात फ्रेंच शिकवते. लग्न होऊन या घरात आले तेव्हा माझी भाषा हा घरात चेष्टेचा विषय होता. "फ्रेंचमध्ये भाकरीला काय म्हणत्यात?" असं विचारून सगळे हसायचे, आणि मी उत्तर दिलं की आणखी हसायचे. सासरे मात्र हसायचे नाहीत. घरात कुणालाच न कळणारी भाषा बोलणारी बाई त्यांना त्या बॅटरीसारखीच वाटत असावी. मीही काही धुतल्या तांदळासारखी भोळी नाही. शंका घेणं हा माझा माहेरचाच गुण आहे, सासरी त्याला खतपाणी मिळालं एवढंच.

माझा नवरा अंबडच्या एका कारखान्यात आहे. तिथे द्राक्षबागेत औषध फवारायची यंत्रं बनवतात. परवाच्या ऑक्टोबरात त्यांच्याकडे एक बाई आली, अल्जीरियातली. समुद्रकाठच्या एका प्रांतात तिच्या घरची शेती. तिला लहान बागेत चालणारं यंत्र हवं होतं आणि तिला फ्रेंच आणि अरबी सोडून काही येत नव्हतं. नवऱ्याने मोठ्या फुशारकीने सांगून टाकलं, "माझ्या बायकोला येतं." आणि पुढे, मला न विचारता, "आमच्या मळ्यातच यंत्र चालवून दाखवू. राहायलाही आमच्याकडेच या."

सासऱ्यांनी ऐकलं आणि हातातली कात्री खाली ठेवली. "छाटणीच्या दिसांत? सगळीकडं काड्या पडल्यात अन् तू पाहुणी आणतो? तीबी द्राक्षवाली?"

"दादा, तिचं घर समुद्रापलीकडं हाय," नवरा म्हणाला. घरी आला की त्याचीही भाषा सैल होते.

"मावसभावाचं घर पंधरा मैलांवर व्हतं. तरी गेली ना काडी? समुद्रापलीकडं गेली तर आणायला कोण जाईल, तू?"

जाताजाता सासरे मला म्हणाले, "तुझ्याशिवाय तिचं कोणाला कळायचं नाय. काय झालं तर तुलाच विचारीन." म्हणजे चोरी व्हायच्या आधीच चोर ठरला. त्या क्षणी मला त्यांचा भयंकर राग आला. त्याहून जास्त राग नवऱ्याचा आला, पण तो तोवर मोटारसायकल काढून गेला होता.

बाई आली. साठीच्या आसपासची, रुंद हाडाची, डोक्याला फुलाफुलांचा रुमाल, आणि चालणं असं की पायाखालची जमीन आपलीच आहे. चपला काढून तिने पहिलं काय केलं असेल? अंगणात वाकून मातीचं एक ढेकूळ उचललं, चुरगाळलं, आणि चिमूटभर माती खिशातल्या हातरुमालात बांधली. सासऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी तिला विचारलं, माती कशाला? ती म्हणाली, "घरी दाखवायला. एवढी काळी माती आमच्याकडे कुणी पाहिली नाही. सांगितलं तर खोटं वाटेल." मी भाषांतर केलं. सासरे म्हणाले, "आज माती, उद्या काय?"

मग तिच्यात आणि सासऱ्यांत जी प्रश्नोत्तरं झाली त्यांचं वर्णन करायचं तर, दोन माणसं एकमेकांच्या गोठ्यात डोकावतायत आणि दोघांनीही आपापल्या म्हशी मागल्या दाराने बाहेर काढल्यात. ती विचारायची, छाटताना काडीवर किती डोळे ठेवता? सासरे विचार केल्यासारखं करून भलताच आकडा सांगायचे. डोळे लवकर फुटावेत म्हणून काडीला काय लावता? "काय नाय. देवाची कृपा." समोर पेस्टची बादली उघडी पडलेली. मी ते सगळं इमानेइतबारे फ्रेंचमध्ये सांगत होते. माझी फ्रेंच इतक्या खोटेपणासाठी मी कधीच वापरली नव्हती, आणि मला वाटतं पहिल्या दिवशी माझं व्याकरण अगदी निर्दोष होतं.

तिला सगळ्यात नवल वाटलं ते दोनदा छाटण्याचं. "वेल हिरवी आहे, पानं आहेत, आणि तुम्ही कात्री लावता? आणि एप्रिलमध्येही?" त्यांच्याकडे वेली हिवाळ्यात झोपतात, पानं गळून नुसती खोडं उरतात, आणि ऐन थंडीत, बाहेर पाऊस चालू असताना, एकदाच छाटणी होते. द्राक्षं उन्हाळ्याच्या शेवटी निघतात. म्हणूनच आत्ता ती मोकळी होती.

"हिवाळ्यात पाऊस?" सासरे थबकले. "विचार तिला पुन्हा."

मी पुन्हा विचारलं. हो, पाऊस हिवाळ्यातच. उन्हाळा कोरडा ठणठणीत.

दुपारी बघते तर सासरे माळ्यावरून नवऱ्याचा शाळेतला नकाशांचा जुना संच काढून, चष्मा लावून, जमिनीवर मांडी ठोकून बसलेले. भूमध्य समुद्राच्या दक्षिणेला बोट ठेवून ओठ हलवत वाचत होते. पाऊस हिवाळ्यातच पडत होता. मला वाटलं, आता तरी संशय फिटेल. कुठला! मला म्हणाले, "हे खरं सांगितलं म्हंजे दुसरं कायतरी खोटं सांगायचं असंल."

खरं सांगायचं तर ती आपल्या प्रांताबद्दल जे सांगत होती ते ऐकताना मी माझं काम विसरायची. लांबट पट्टी, उत्तरेला समुद्र. समुद्राला लागून वाळूच्या टेकड्या, त्यांच्यामागे वाळूमिश्रित तांबडं पठार, आणि त्याच्याही मागे डोंगर, त्यांच्यावर ऑलिव्ह, अंजीर आणि पाऊस पडला तर गहू. एक मोठी नदी आहे, पण उन्हाळ्यात तिच्यात बकऱ्या चरतात. पठारावर फ्रेंचांनी मैलोन् मैल द्राक्षं लावली होती, खायची नव्हे, वाईनची. फ्रेंच गेले, वाईन पिणारे गेले, आणि मग त्या वेली उपटून काढाव्या लागल्या. तिच्या वडिलांनी उपटल्या. लहानपणी तिने मुळांचे ढीग पेटताना पाहिले होते, आठवडाभर. नंतर तिथे बटाटा आला, संत्री-मोसंबी आली, प्लास्टिकच्या घरांतले टोमॅटो आणि मिरच्या आल्या. थोडी खायची द्राक्षं राहिली. समुद्रावरचा वारा मीठ घेऊन येतो आणि कोवळी पानं जाळतो, म्हणून प्रत्येक शेताभोवती बोरूचं उंच दाट कुंपण. "आमच्याकडे गरीब कोण आणि श्रीमंत कोण ते कुंपणावरून कळतं," ती म्हणाली. "ज्याचं कुंपण विरळ त्याची पानं तपकिरी."

"अन् पाणी?" सासऱ्यांनी विचारलं. शेतकरी कितीही संशयी असला तरी पाण्याचं विचारल्याशिवाय राहत नाही.

विहिरी. आणि विहिरी खाऱ्या होत चालल्या होत्या. सगळ्यांनी मोटारी लावल्या, गोडं पाणी उपसलं, आणि खालून समुद्र आत शिरला. तिच्या विहिरीचं पाणी आता चहाला चालत नाही. दर वर्षी समुद्र एकेका विहिरीने पुढे येतो, असं ती म्हणाली. धाकटा मुलगा होडीत बसून समुद्रापलीकडे निघून गेलाय, आणि तिला वाटतं की तो पाण्याला भिऊनच गेला, खाऱ्या पाण्याला.

मी हे मराठीत सांगितलं तेव्हा सासूबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी पदर तोंडाला लावला. सासरे मात्र म्हणाले, "रडगाणं गाऊन मन पातळ करायची रीत जुनी हाय." हे मी भाषांतरित केलं नाही. पण माझ्याही मनात पाल चुकचुकली, हे लपवून काय उपयोग. एवढी दुःखाची गोष्ट पहिल्याच दिवशी परक्याला कोण सांगतं?

दुसऱ्या दिवशी पहाटे उठून पाहते तर पाहुणी अंथरुणात नाही. धावत मागे गेले. ती त्या राखीव ओळीपासून हाकेच्या अंतरावर, मोटारीच्या नळाशी उभी होती. ओंजळीत पाणी घेऊन तोंडात घोळवत होती, वाईन चाखावी तसं. मला बघून हसली आणि म्हणाली, "तुमचंही थोडं खारट आहे. लपवता कशाला?" मला हसू आलं नाही. पाणी चाखायला पहाट कशाला हवी? आणि हाच नळ का? सासरेही खिडकीतून बघत होतेच. त्या दिवशी ते जेवायला घरात आले नाहीत. ताट मागवून ओळीच्या तोंडाशी बसून जेवले.

यंत्र आलं, चाललं, पसंत पडलं. नवरा खूश. पाहुणीचा बाकी वेळ सासूबाईंबरोबर स्वयंपाकघरात जायचा. मला तिथे कुणी बोलावत नव्हतं. एकीला मराठीशिवाय काही येत नाही, दुसरीला मराठीचा गंध नाही, आणि तरी आतून सारखे आवाज येत होते. मी पाणी प्यायच्या निमित्ताने दोनदा डोकावले. एकदा पाहुणी परातीत रवा घेऊन तो ओल्या हाताने फिरवत बारीक दाणे पाडत होती आणि सासूबाई "अगं, ह्ये तर आपलं शेवयांच्या आधीचं" असं काहीतरी म्हणत होत्या. दुसऱ्यांदा दोघी नुसत्या हातवारे करत होत्या. सासूबाईंनी हात वर करून, बोटं झुकवून, काहीतरी कापल्यासारखं केलं आणि पाहुणीने मान डोलावली. मला बघताच दोघी थांबल्या. दुभाष्याशिवाय दोन बायका काय बोलत असतील, या विचाराने मला दिवसभर चैन नव्हतं. थोडा मत्सरही होता, नाही कशाला म्हणू.

संध्याकाळी जेवताना खुद्द सासऱ्यांनीच घात केला. लपवायचंही आणि मिरवायचंही, हा द्राक्षवाल्यांचा जुना रोग. पाहुणी म्हणाली की तिच्या चुलत्याकडे फार लांब मण्यांचं द्राक्ष आहे. झालं! सासऱ्यांनी भाकरी ठेवली, मोबाइल काढला आणि गेल्या हंगामातल्या घडाचा फोटो तिच्या नाकासमोर धरला. "चुलत्याला म्हणावं, ह्ये बघ." आणि मग आम्ही सगळ्यांनी पाठ केलेली गोष्ट सुरू झाली. घडांची विरळणी चालू होती, म्हणजे दाटीतले मणी कात्रीने काढून टाकायचं काम, आणि एका ओलांड्यावर त्यांना एकच घड वेगळा दिसला. तोच ओलांडा, तीच ही ओळ.

पाहुणीने फोटो मोठा करून बघितला. बराच वेळ. मग तिने मला विचारलं, "तुमच्याकडे मणी विरळ करायचं काम कोण करतं?"

"बायकाच करतात," मी म्हणाले.

"आमच्याकडेही." मग तिने सासूबाईंकडे बघितलं. "मग घड आधी यांनी पाहिला का?"

मला तो प्रश्न आगाऊपणाचा वाटला. घरात भांडण लावून देणारा. पण प्रश्न होता, मी तो मराठीत केला. सासरे म्हणाले, "मी पाह्यला. सांग तिला. म्याच." सासूबाई कालवणाचं पातेलं घेऊन उभ्या होत्या. त्यांनी माझ्या ताटात कालवण वाढलं, मला नको असताना.

तिसऱ्या दिवशी सकाळी पाहुणी निघाली. मुंबईला एक रात्र हॉटेलात राहून पुढे विमान. सासूबाईंनी मला बाजूला घेतलं. "तिची ओटी भरायची. चालंल का विचार. कुंकू लावू का?" मी विचारलं. पाहुणी म्हणाली, कपाळाला नको, पण हाताला लावा. सासूबाईंनी तिच्या मनगटावर कुंकवाचं बोट टेकवलं, खणात गहू, नारळ, सुपारी, हळकुंड ठेवून खण गाठ मारून तिच्या खांद्यावरच्या ओढणीत घातला. पाहुणीने दोन्ही हातांनी तो पोटाशी धरला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मी तेव्हाही बघत होते ते डोळ्यांकडे नव्हे, बॅगेकडे. बॅगेत रुमाल होता, माती होती, तिने आमच्यासाठी आणलेल्या अंजिरांचं रिकामं पुडकं होतं. सासऱ्यांनी तिची पाण्याची बाटलीसुद्धा उन्हात धरून पाहिली, जणू काही रंग आवडला म्हणून. काही नव्हतं. गाडी गेली. सासरे दोन दिवसांत पहिल्यांदा खाटेवर पाठ टेकून झोपले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मागून त्यांची हाक आली ती अशी की मला वाटलं साप निघाला. ओळीतल्या मधल्या वेलीची एक काडी खालपासून गेली होती. कापाच्या तोंडाशी पाण्याचा थेंब सुकून चिकट झाला होता. त्यांनी त्यावर बोट फिरवलं. "ही कात्री नाय. विळा हाय." मग माझ्याकडे वळले. "पाहुणीकडं विळा व्हता का? नाय. मंग तिला घरातला विळा कुणी दिला?"

मी काही केलं नव्हतं, आणि तरी मनातल्या मनात तीन दिवसांचा हिशोब जुळवू लागले, जसा चोर जुळवतो.

"तिची भाषा कुणाला येती? तिच्यासंगं पहाटे नळावर कोण व्हतं? लाव फोन. म्हणावं काडी परत कर, नायतर पोलिसात जाईन."

"दादा, मी दिलेली नाही."

"मंग तिला विचार कुणी दिली!"

एवढी वर्षं या घरात काढली, त्यांच्या आजारपणात रात्री जागले, आणि शेवटी मी परक्या भाषेची बाईच. मला रडू फुटणार होतं आणि रडले असते तर तो गुन्हा कबूल केल्यासारखं झालं असतं, म्हणून मी दात आवळून फोन काढला.

"फोन ठिव खाली," सासूबाई मागून म्हणाल्या. त्यांचे हात पिठाचे होते. "काडी म्या दिली. खणात घातली, गव्हाच्या खाली."

सासरे म्हणाले, "येडी झालीस का? चुकून दिली ना? ओटीला फळ लागतं म्हणून?"

"आक्टोबरात द्राक्ष कुठून आणू ओटीत घालायला? म्हणून काडी घातली. अन् चुकून नाय. याच ओळीची घातली, बघून."

"कुणाला इचारून?"

"जिनं घड पाह्यला तिला इचारून." सासूबाईंचा आवाज चढला नाही. "विरळणीत तो घड कुणाच्या हाताला लागला? लुगड्याचा काठ फाडून त्या ओलांड्याला खूण कुणी बांधली? बांधावर तुम्हाला बोलवून कुणी दावलं? दुसऱ्या दिवशी तुम्ही पारावर सांगून आला, मला घावलं म्हणून. म्या म्हटलं, जाऊ दे. आपलंच माणूस हाय. पण त्या बाईनं तोंडावर इचारलं अन् तुम्ही तोंडावर नाय म्हणालात."

मी या घरात ती गोष्ट किती वेळा ऐकली असेन! लग्नात, बारशात, प्रत्येक पाहुण्यासमोर. सगळ्या जगावर संशय घेणाऱ्या मला या एका गोष्टीवर कधी संशय आला नव्हता. मला माझीच लाज वाटली.

"मंग इतकी वर्सं बोलली का नाय?" सासऱ्यांनी विचारलं. आवाज पार उतरला होता.

"तुम्ही कधी कुणाला काय इचारता का? तुम्ही नुसतं लक्ष ठेवता."

एवढं बोलून त्या आत गेल्या. ओटीत घातलेलं परत मागता येत नाही, हे सासऱ्यांना सांगायची गरज नव्हती. ते त्या वेलीपाशीच बसून राहिले. दुपारचं जेवले नाहीत. छाटणीवाली टोळी बिचकून दुसऱ्या टोकाला काम करत होती. मला वाटलं आता घरात आठ दिवस अबोला. नवऱ्याला फोन करून सांगितलं तर तो म्हणाला, "आईनं? शक्यच नाही," आणि मला त्याच्यावरही संशय यायला लागला, की याला आधीपासून माहीत होतं.

चार वाजता सासरे स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी आले. आत पाऊल टाकलं नाही. भिंतीकडे बघत म्हणाले, "काडी पिकलेली व्हती का हिरवी?"

"पिकलेली," सासूबाई चुलीकडे बघत म्हणाल्या.

"ओल्या फडक्यात बांधली का?"

"मंग काय कोरडी देईन?"

"डोळे?"

"फुगलेले. चांगले."

"तर लागंल मंग." सासरे उंबऱ्याशीच टेकले. "पण तिचं पाणी खारं हाय. तशीच मातीत खोचली तर मरंल. खाली जंगली रोप पायजे, खाऱ्याला टिकणारं. त्ये सांगितलं का तिला?"

"म्या कसं सांगणार? हातानं जेवढं सांगता आलं तेवढं सांगितलं."

मग ते माझ्याकडे वळले. सकाळी ज्या तोंडाने पोलिसांचं नाव काढलं त्याच तोंडाने म्हणाले, "सूनबाई, फोन लाव तिला. मी सांगतो तसं सांग. पहिल्या दिवशी डोळ्यांचं सांगितलं व्हतं त्ये चूक व्हतं, त्येबी सांग. अन् पेस्टचंबी."

मी फोन लावला. ती मुंबईच्या विमानतळावर होती. मी आवाज मोठा करून फोन मधे धरला. सासूबाई हात पुसत पुढे आल्या. सासरे सांगत होते, मी फ्रेंच करत होते, जंगली रोपाचं, कलमाचं, पाण्याचं. पलीकडून ती हळूच म्हणाली, "म्हणजे ती काडी खरंच भेट होती?"

खण तिने हॉटेलात उघडला होता. गव्हाखाली काडी निघाली. "दोन दिवस तुमच्या सासऱ्यांनी मला त्या ओळीजवळ उभं राहू दिलं नाही," ती म्हणाली, "माझी बाटलीसुद्धा तपासली. आणि निघताना तीच काडी माझ्या ओढणीत बांधून देतात? कागदपत्रांशिवाय रोप नेताना विमानतळावर पकडतात, हे मला माहीत आहे. मला वाटलं, मला पकडून द्यायचा डाव आहे. मी ती मोडली, तुकडे केले आणि हॉटेलच्या कचऱ्याच्या डब्यात टाकली. गहू मात्र ठेवलेत." ती रडत होती. पुन्हा पुन्हा म्हणत होती, "त्यांना सांगू नका."

फोन बंद झाला. दोघंही माझ्या तोंडाकडे बघत होते. सासऱ्यांच्या चेहऱ्यावर मी कधी न पाहिलेलं काहीतरी होतं. लहान पोरासारखी आशा म्हणा.

"काय म्हणली?" सासूबाईंनी विचारलं.

मी सांगितलं. सगळं, जसंच्या तसं, बाटलीसकट.

सासऱ्यांनी मान खाली घातली. सासूबाईंनी पदराने हात पुन्हा पुसले आणि म्हणाल्या, "तिचा काय दोष? दोन दिवस ह्या घरात राहिली, शिकली बिचारी."